कॅडेटांसाठी वेगळं जहाज म्हणे! आधी नळाला पाणी आणा

टॉवेलवाला: अमेरिकेनं मर्चंट नेव्हीच्या पोरांना शिकवायला खास जहाजं बांधली, म्हणून आपणही बांधायची म्हणे. पांढरा हत्ती! पोरं कंपनीच्या मालवाहू जहाजावर शिकतातच की. आणि सोलापूरकरांनी समुद्राच्या गप्पा मारूच नयेत, इथं पाणी चार दिवसांआड.

सेकंडमेट_बाळीवेस: उत्तर द्यायचं नाही ठरवलं होतं, पण राहवेना. 'शिकतातच की' म्हणणाऱ्यानं जहाजावर एक रात्र तरी काढलीय का? सगळी मिळून माणसं वीस-बावीस. चीफ मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालचा अधिकारी, कार्गो, कागदं आणि इन्स्पेक्शनमध्ये बुडालेला, तो कॅडेटला कधी शिकवणार? मी पाच महिने चिपिंग हॅमरनं गंज ठोकला. सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-तारे बघून जहाजाची जागा काढायचं यंत्र, हातात आलं सहाव्या महिन्यात, तेही कॅप्टन भला माणूस होता म्हणून. न्यूयॉर्कच्या मेरिटाइम कॉलेजला 2023 साली नवं 'एम्पायर स्टेट' मिळालं. 600 कॅडेटांची सोय, शिकायला वेगळा ब्रिज, म्हणजे जहाज चालवतात ती खोली. आधीचं जहाज 1960 च्या दशकातलं मालवाहू, डागडुजी करून चालवलेलं. आणि नवं जहाज आपत्तीत मदतीलाही पाठवता येतं, हजार माणसं मावतात. हत्ती कसला?

टॉवेलवाला: गंज ठोकणं हेच शिक्षण. मागावर बसवायच्या आधी बापानं मला दोन वर्षं कांड्या भरायला लावल्या. त्यासाठी सरकारनं वेगळी गिरणी नाही काढली.

निवृत्त_मास्तर: दोघंही अर्धवट बोलताय. आपल्याकडे 1927 पासून मुंबईत 'डफरिन' हे ट्रेनिंगचं जहाज होतंच. 1972 ला 'राजेंद्र' आलं आणि 1993 पासून 'चाणक्य' सरळ जमिनीवर, नवी मुंबईत. जहाजावरची शाळा आपण चालवून बघितली आणि सोडली. राहता राहिली सोलापूरची गोष्ट. वालचंद हिराचंद कुठे जन्मले? 5 एप्रिल 1919 ला त्यांच्या सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं, म्हणून त्या दिवशी राष्ट्रीय सागरी दिन. समुद्र आमचाही आहे!

सेकंडमेट_बाळीवेस: मास्तर, डफरिन नांगरून उभं असायचं. मी चालणाऱ्या जहाजाबद्दल बोलतोय.

शेंगाचटणी: वालचंदांचं नाव घेऊन किती दिवस जगायचं? गिरण्या गेल्या, पोरं पुण्याला गेली. उजनी भरलं तरी आमच्या गल्लीत पाणी रात्री दोनला.

निवृत्त_मास्तर: टाकी बांधा की.

शेंगाचटणी: काय बोलूलालास बे? दहा बाय दहाच्या खोलीत टाकी कुठं, डोक्यावर?

निवृत्त_मास्तर: 'बे' कुणाला म्हणता? वय बघून बोला.

टॉवेलवाला: आमच्याकडे तर मागच्या आठवड्यात सहाव्या दिवशी आलं. तेही गढूळ.

शेंगाचटणी: तुरटी फिरवा. आणि 'समुद्र आमचाही' म्हणा.

जुळे_सोलापूरची_काकू: पाण्याचं नंतर भांडा. माझ्या पुतण्यानं कोर्स केला, आता जहाजच मिळेना. एका एजंटानं चार लाख घेतले, आज-उद्या करत फोन बंद. आईचे दागिने गेले. दीड वर्ष झालं, पोरगं मेडिकलच्या दुकानात बसतंय. ट्रेनिंगचं जहाज असतं तर निदान चढला तरी असता.

टॉवेलवाला: काकू, वाईट वाटलं. पण तो एजंटाचा गुन्हा, त्याला जहाज हा इलाज कसा?

सेकंडमेट_बाळीवेस: कारण एजंट भाव खातो तो जागा कमी म्हणूनच! डीएनएसवाल्याला, म्हणजे नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा केलेल्याला, 18 महिने समुद्रावर काढावेच लागतात, त्याशिवाय सेकंड मेटच्या परीक्षेला बसता येत नाही. त्यातले सहा महिने जरी ट्रेनिंग जहाजावर धरले, तर कंपनीपुढे हात पसरायचे महिने कमी. सगळे महिने तिथं होणार नाहीत, हे मलाही कळतं. टँकरवरचं काम टँकरवरच कळतं.

टॉवेलवाला: म्हणजे कंपनीचं जहाज लागतंच. आलात शेवटी माझ्या दारात. चहा घेता?

सेकंडमेट_बाळीवेस: घेतो, पाणी असेल तर. काकू, पुतण्याला म्हणावं एजंटाला दिलेल्या पैशांच्या पावत्या, चॅट, काहीही टाकू नकोस. आरपीएसएल, म्हणजे जहाजावर माणसं भरती करायचं सरकारी लायसन्स, नसलेल्या माणसाशी यापुढे फोनवरसुद्धा बोलायचं नाही. डीएनएस केलंय की बीएस्सी, तेवढं इथं लिहा.