हिरडीवर फिरवायच्या एचआयव्ही किटवर लोकांचा विश्वास कसा बसवायचा?

प्रश्न (पियर_एज्युकेटर): स्वचाचणीचं किट हातात दिलं की दोन प्रश्न हमखास येतात. रक्त न काढता कसं कळणार? आणि थुंकीत कळतं म्हणजे थुंकीतून पसरतं का? शिवाय निकाल एकट्याने बघायची धास्ती असते. तुम्ही काय सांगता?

लॅब_टेक्निशियन: पट्टी विषाणू शोधतच नाही, शरीराने त्याविरुद्ध बनवलेल्या अँटीबॉडी शोधते. त्या हिरड्यांतून झिरपणाऱ्या द्रवात उतरतात. म्हणजे लाळेतून पसरण्याचा प्रश्न येत नाही.

ओराक्विक (हिरडीवर फिरवायचं एक स्वचाचणी किट) हातात असेल तर आधी 15 मिनिटं खाणं-पिणं बंद, ब्रश आणि माऊथवॉश 30 मिनिटं आधीपासून नको. बाटलीचं झाकण उघडून ती आधी स्टँडमध्ये उभी करा, मगच पट्टी बाहेर काढा. चपटं टोक वरच्या हिरडीवर एकदा, खालच्या हिरडीवर एकदा. गाल, जीभ, टाळू नाही. त्या टोकाला बोट लावायचं नाही. मग तेच टोक बाटलीतल्या द्रवात बुडवून ठेवा. द्रव सांडला तर ते किट बाद. निकाल 20 मिनिटांनंतर, पण 40 मिनिटांच्या आत वाचा. नंतर उमटलेल्या रेषेला अर्थ नाही. 'सी'ची (कंट्रोल, म्हणजे किट नीट चाललं हे दाखवणारी) रेषा आली नाही तर चाचणीच झाली नाही. 'टी'ची (टेस्टची) रेषा कितीही फिकट असली तरी ती रिॲक्टिव्हच, म्हणजे एचआयव्ही असण्याची शक्यता दाखवणारी. बहुतेकांचं इथेच चुकतं, फिकट रेषा म्हणजे निगेटिव्ह समजतात.

समुपदेशक: रक्तावर भरवसा ठेवणाऱ्यांचं अगदीच चुकत नाही. 2012 साली अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) ओराक्विकला घरगुती वापरासाठी मान्यता दिली, तेव्हाच्या अभ्यासात सामान्य माणसांनी स्वतः केलेल्या चाचणीत दर 12 बाधितांपैकी साधारण एक सुटत होता. हे लपवू नका. ज्याला पटत नाही त्याला बोटाच्या रक्ताचं किट द्या, नाहीतर सरळ आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात) पाठवा, तिथे चाचणी मोफत होते.

भीतीवर एक गोष्ट लागू पडते: रिॲक्टिव्ह आलं तर कुठे, कधी जायचं हे चाचणीच्या *आधीच* ठरवून द्या. किटचा निकाल हे निदान नव्हे. आयसीटीसीत वेगवेगळ्या तीन किटवर खात्री करतात. रात्री घाबरून फोन करावासा वाटला तर 1097 ही एड्स हेल्पलाइन. आणि निगेटिव्ह आलेल्याला शेवटच्या जोखमीची तारीख विचारा. तीन महिने झाले नसतील तर ते झाल्यावर पुन्हा चाचणी. जोखीम 72 तासांच्या आतली असेल तर किटची वाट न बघता पीईपीसाठी (संसर्ग टाळायला जोखमीनंतर घ्यायच्या औषधांसाठी) लगेच सरकारी रुग्णालय गाठायला सांगा. एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) किंवा प्रेप (संसर्ग होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची औषधं) चालू असलेल्यांना हे किट देऊ नका, खोटं निगेटिव्ह येऊ शकतं.

पियर_एज्युकेटर: नवरा बायकोसाठी जादा किट मागतो तेव्हा?

समुपदेशक: तिची इच्छा तिच्याकडूनच कळायला हवी. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. दबावाचा संशय आला तरी किट देऊ नका, तिला स्वतंत्र भेटीला बोलवा.