बीवाययूचा ऑनर कोड: सही केली की विषय संपला?

रानजाई: अमेरिकेतल्या यूटा राज्यात आठ वर्षं झाली. इथलं प्रोव्हो शहरातलं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ (बीवाययू) मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचं. ऑनर कोड म्हणजे विद्यार्थ्यांनी सही करून मान्य करायचे वागणुकीचे नियम. ते असे की दाढी नको, चहासुद्धा नको (आपण तिसऱ्या दिवशी घरी!). फेब्रुवारी २०२०मध्ये त्यातलं समलिंगी वर्तनावरचं कलम निघालं. पोरं हरखली. दोन मैत्रिणींनी ब्रिगहॅम यंग या चर्चच्या जुन्या नेत्याच्या पुतळ्यासमोरच चुंबन घेतलं, फोटो सगळीकडे. ४ मार्चला चर्चच्या शिक्षण विभागाचं पत्र आलं: समलिंगी प्रेमसंबंध तत्त्वात बसत नाहीत. मधल्या दोन आठवड्यांत ज्यांनी आपण समलिंगी असल्याचं घरी सांगून टाकलं, त्यांनी काय करायचं? २०२३मध्ये ती बंदी पुन्हा कोडमध्ये लिहिली गेली.

सातारी_कंदी: रानजाई, वाईट वाटतं, पण सही डोळे उघडे ठेवून केली ना? देवळात जायचं तर चपला बाहेर. पटत नसेल तर सॉल्ट लेकला सरकारी विद्यापीठ आहे. आणि लग्नाआधी संबंध नकोत हा नियम तिथे सगळ्यांनाच आहे.

रानजाई: सगळ्यांना कुठे? मुलगा-मुलगी हातात हात घालून फिरले तर लोक कौतुकानं लग्नाची तारीख विचारतात. दोन मुलगे तसे फिरले तर नियमभंग. तिथे शिकायला धर्मगुरूची संमती लागते, ती काढून घेतली की शिक्षण अडलं. चपला काढून ठेवता येतात हो.

बिनसाखर: सहीचं म्हणाल तर ती अठराव्या वर्षी होते. आईबाप तिथलेच, मॉर्मनांना फी बाहेरच्यांच्या निम्मी. 'दुसरीकडे जा' म्हणणं सोपं आहे.

सातारी_कंदी: फी निम्मी का? चर्चचे लोक उत्पन्नाचा दहावा हिस्सा देतात म्हणून. त्यांच्या पैशानं चाललेल्या संस्थेत त्यांच्या श्रद्धेला किंमत नको? टायटल नाइन हा शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणारा १९७२चा कायदाही धार्मिक संस्थांना सूट देतो. उद्या सरकार मठात कोणाला घ्यायचं तेही ठरवेल. मला तीच भीती जास्त आहे.

बिनसाखर: मठ पदवी देत नाही. आणि इथल्या मुलांना पेल ग्रँट ही गरजू विद्यार्थ्यांसाठीची सरकारी मदतही मिळते, तो पैसा सगळ्यांच्या करातला.

रानजाई: सरकारनं घुसावं असं मीही म्हणत नाही, कंदी. मागणी चर्चकडेच आहे, आणि मागणारी पोरं चर्चचीच आहेत. ४ मार्च २०२१ला, पत्राला वर्ष झालं त्या रात्री, त्यांनी विद्यापीठाजवळच्या डोंगरावरचं 'वाय' हे प्रचंड अक्षर समलिंगींच्या इंद्रधनुषी रंगांच्या दिव्यांनी उजळवलं. विद्यापीठानं लगेच सांगितलं, आमची परवानगी नव्हती.

सातारी_कंदी: हात धरण्याचा नियम दोघांना एकच असावा, एवढं मान्य. लग्नाचं नाही.