महापालिका शाळेच्या भिंतीवर देवतेचे चित्र: राज्यघटनेची मर्यादा कोठे आड येते?

कोपरीकर:
ठाण्यातील एका महापालिका शाळेत प्रवेशद्वारासमोरच्या भिंतीवर देवतेचे टाइल्सचे मोठे चित्र बसवण्यात आले आहे. त्याखाली प्रार्थनेच्या दोन ओळी आहेत आणि देणगीदाराचे नाव कोरलेली संगमरवरी पाटी आहे. परिपाठाला मुले रोज याच भिंतीकडे तोंड करून उभी राहतात. काही पालकांनी विचारणा केली, तेव्हा पालिकेचा एक पैसाही यात गेलेला नाही, असे उत्तर मिळाले.

हे उत्तर मला पटत नाही. पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे अनुच्छेद २८(१) सांगतो, आणि अनुच्छेद १२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणेही ‘राज्य’ या संज्ञेत येतात. देणगीचा मुद्दा तर अमेरिकेत फार पूर्वी तपासला गेला आहे. केंटकी राज्याने प्रत्येक सरकारी शाळेच्या वर्गात बायबलमधील दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला होता. त्या प्रतींचा खर्चही खासगी देणग्यांतून व्हायचा होता. तरीही १९८० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. पैसा कोणाचाही असो, भिंतीवरून बोलते ते शासनच, आणि सात वर्षांच्या मुलाला तेथून उठून जाण्याची मुभा नसते.

पाचपाखाडी:
आपण परदेशी निकालाचा आधार घेतलात, पण शासनाने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये असे अमेरिकी घटनेत आहे तसे कलम आपल्या घटनेत नाही. शिवाय त्याच न्यायालयाने २०२२ साली वॉशिंग्टन राज्यातील एका सरकारी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा, सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करण्याचा हक्क मान्य केला, हेही सांगायला हवे होते. आपल्याकडे अनुच्छेद २८ धार्मिक शिक्षणाला मनाई करतो. चित्र म्हणजे शिक्षण नव्हे. धर्मांचा अभ्यास आणि धार्मिक शिक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या प्रकरणात, स्पष्ट केले आहे.

आणि घटनेची मूळ हस्तलिखित प्रत पाहा. नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चित्रांनी सजवली. मूलभूत हक्कांच्या भागावर राम, सीता आणि लक्ष्मण आहेत. दसऱ्याला पाटीवर एकचे आकडे जोडून सरस्वती काढणारी आपल्याकडची मुले काही धर्मदीक्षा घेत नसतात. हा संस्कार शाळेतून पुसून टाकल्याने कोणाचे भले होणार आहे?

कळव्याची निवृत्त शिक्षिका:
मी पालिका शाळेत शिकवले आहे, म्हणून वर्गात काय घडते ते सांगते. परिपाठाला सगळ्यांनी हात जोडले की एखादे मूल आधी शेजाऱ्याकडे आणि मग बाईंकडे पाहते. बाई काही बोलल्या नाहीत तरी त्याला उत्तर कळते. अनुच्छेद २८(३) प्रमाणे राज्याने मान्यता दिलेल्या किंवा अनुदान दिलेल्या संस्थेत, पालकाच्या संमतीवाचून, अज्ञान मुलाला उपासनेला हजर राहणे भाग पाडता येत नाही. आमच्याकडे अशी संमती मागितल्याचे मला तरी आठवत नाही. केरळमधील तीन मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढले गेले, आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई बेकायदा ठरवली. राष्ट्रगीताबाबतही न्यायालय एवढे जपून वागते, तर प्रार्थनेबाबत आपण इतके निर्धास्त कसे?

पाटीपूजन मलाही प्रिय आहे. पण ते वर्षातून एकदा होते आणि त्यात भाग न घेणाऱ्या मुलाला वेगळे चित्र काढू देता येते. भिंतीवरच्या चित्राला सुट्टी नसते.

पाचपाखाडी:
सक्तीला माझाही विरोध आहे, आपला अनुभव मी नाकारत नाही. परंतु अनुदानित मिशनरी शाळेत क्रूस चालतो, तेथे कोणी घटना काढून दाखवत नाही, याचे वैषम्य अनेक पालकांच्या मनात आहे.

कोपरीकर:
ही तफावत घटनेनेच जाणूनबुजून ठेवली आहे. अनुदानित शाळा खासगी संस्था चालवते. तिला २८(३) लागू होतो आणि तो क्रूसासमोरही तितकाच लागू होतो. तेथे एखाद्या हिंदू मुलाला प्रार्थनेची सक्ती झाली, तर मी त्याच्या पालकांच्या बाजूने उभा राहीन. महापालिका शाळा मात्र सर्वांच्या करातून चालते, म्हणून तिला २८(१) चे अधिक कडक बंधन आहे. नुसत्या चित्राला ‘शिक्षण’ म्हणता येणार नाही, हे आपले म्हणणे ग्राह्य धरले तरी त्याखालच्या प्रार्थनेच्या ओळी आणि समोर भरणारा परिपाठ यांचे काय? घटनेच्या हस्तलिखितात बुद्ध, महावीर आणि अकबरही आहेत, आणि त्या पानांपुढे कोणालाही रोज रांगेत उभे राहावे लागत नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. येत्या बैठकीत आम्ही लेखी मागणी करणार आहोत: प्रार्थनेच्या ओळी काढाव्यात, परिपाठाची जागा बदलावी, आणि २०२० पासून राज्यातील शाळांत वाचली जाणारी उद्देशिका त्या भिंतीवर लावावी. चित्राबाबत समितीने पालिकेच्या विधी विभागाचे मत मागवावे. बहुमताने प्रश्न निकालात काढू, असे कोणी म्हटले तर त्याला आमचा विरोध राहील, कारण मूलभूत हक्क मतदानाला टाकता येत नाहीत.

पाचपाखाडी:
परिपाठाची जागा बदलण्यास आणि विधी विभागाचे मत मागवण्यास माझी हरकत नाही. ओळी काढण्याला मात्र मी बैठकीत विरोध करीन, आणि त्याची कारणे लेखी देईन.