शब्दचर्चा : ‘यंग अडल्ट फॅन्टसी’ आणि ‘थ्रिलर’ यांना मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. सध्या फॅन्टसी आणि थ्रिलर सोडून ती दुसरं काही हातात धरत नाही. या पुस्तकांविषयी मराठीत लिहायचं तर ‘यंग अडल्ट’ला किशोर म्हणू की कुमार? फॅन्टसीला परीकथा म्हटलं की ती चिडते. आणि थ्रिलर म्हणजे रहस्यकथाच ना?

उत्तर : तिचं चिडणं रास्त आहे. राक्षसाचा प्राण पोपटात का ठेवला, असं परीकथेला कोणी विचारत नाही. फॅन्टसीला मात्र वाचक हटकून विचारतो. तिथल्या जादूला नियम लागतात आणि जादू करणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते. ऐन लढाईत नायकाला आयती नवी शक्ती सापडली की मी तरी पुस्तक मिटते. तीनशे पानं पाळलेला नियम लेखकानेच मोडला, तर त्याच्या जगावर विश्वास कसा ठेवायचा?

शब्द आपल्याकडे जुना आहे : अद्भुतरम्य. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांना वाङ्मयाचे इतिहासकार अद्भुतरम्य कादंबऱ्याच म्हणतात. मला त्यातलं ‘रम्य’ खटकतं. आजच्या फॅन्टसीत गावंच्या गावं जळतात, जिवलग मित्र उलटतो. त्यात रम्य काय? ‘कल्पनारम्य’ तर आणखी सैल, कारण कल्पना कुठल्या कादंबरीत नसते? नुसतं ‘अद्भुत कादंबरी’ म्हणावं. अद्भुत रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, विस्मय, आणि चांगली फॅन्टसी वाचताना होतो तो विस्मयच.

शिवाय ‘कादंबरी’ हा शब्द आला कुठून ते पाहा. बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या संस्कृत गद्यकथेचं हे नाव. कादंबरी ही तिची गंधर्वकन्या नायिका. त्या कथेत पोपट गोष्ट सांगतो, शाप आहेत, माणसं पुन्हा जन्म घेतात. नायक चंद्रापीड सहाव्या वर्षी विद्यागृहात जातो, दहा वर्षं शिकतो आणि सोळाव्या वर्षी बाहेर पडतो. तिथून त्याची खरी गोष्ट सुरू होते. म्हणजे मराठीत सगळ्या कादंबऱ्यांना जे नाव पडलं, ते एका सोळा वर्षांच्या मुलाच्या अद्भुत कथेचं आहे! हे ध्यानात आल्यापासून ‘फॅन्टसी हे काही आपलं नव्हे’ असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही.

आता वय. एका जुन्या संस्कृत श्लोकात पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि मग यौवन, अशी वाटणी आहे. त्या हिशेबाने कुमार म्हणजे अगदीच लहान मूल. मराठीत शब्द सरकले. आज आपण ‘कुमारवयीन’ म्हणतो ते बारा-पंधराच्या मुलांना, आणि ‘पौगंडावस्था’ही त्याच वयाला. ‘यंग अडल्ट’ हा ग्रंथालयांचा आणि प्रकाशकांचा कप्पा साधारण बारा ते अठरा वर्षांचा. त्याची वरची बाजू किशोर आणि कुमार या दोन्ही शब्दांत मावत नाही. या पुस्तकांतली मुलं प्रेमात पडतात, माणसं गमावतात, प्रसंगी सत्ता उलथवतात. मी ‘नवतरुणांची कादंबरी’ म्हणते. ‘नवतरुण’ शब्द लेखांत बरा दिसतो, बोलताना मात्र ओठांवर येत नाही. बोलण्यात ‘यंग अडल्ट’च राहू द्या.

थ्रिलर आणि रहस्यकथा एक नव्हेत. रहस्यकथेत घटना घडून गेलेली असते, आणि ‘कोणी केलं?’ याचा शोध चालतो. थ्रिलरमध्ये कोणी केलं हे पहिल्याच पानावर कळलं तरी चालतं, जीव ‘आता काय होणार?’ यात अडकतो. त्याला थरारकथा म्हणावं. ‘रोमांचक कथा’ मला कमी पडते. आपल्या रसशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांत, म्हणजे भावना दाटली की शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांत, रोमांच वेगळा आणि वेपथु, म्हणजे कंप, वेगळा. रोमांच आनंदानेही उभे राहतात, भक्तीनेही. थरार मात्र थरथरीच्या घरातला शब्द, त्यात भीती हवीच. आणि गूढकथा आणखी निराळी. तिच्यात शेवटी काहीतरी न उलगडता उरतं, तेच तिचं सौंदर्य.

उपप्रश्न : थ्रिलरमधल्या ‘अनरिलायबल नॅरेटर’ला ‘अविश्वसनीय निवेदक’ म्हटलेलं चालेल का?

उत्तर : नको. ‘अविश्वसनीय झेल’ म्हणतो तेव्हा आपण थक्क होऊन दाद देत असतो. इथे निवेदकावर विसंबता येत नाही, असं म्हणायचंय. ‘बेभरवशाचा निवेदक’ म्हणा, लगेच पोचतं.

परवाच भाचीला अशा एका इंग्रजी थ्रिलरची गोष्ट मराठीत सांगत होते. सोळा वर्षांची निवेदक सांगते की त्या रात्री तिने दार बंद केलं. शेवटाकडे कळतं की दाराला कडी नव्हतीच. आता मराठीत काय म्हणायचं? ‘दार लोटलं’ म्हटलं तर पहिल्याच पानावर गुपित फुटतं. ‘कडी घातली’ म्हटलं तर ती पोर धडधडीत खोटं बोलली असं होतं, आणि ती खोटं बोलत नाही, फक्त अर्धंच सांगते. मी म्हटलं, ‘तिने दार लावलं.’ भाचीने मान हलवली, गोष्ट पुढे सरकली. शेवट ऐकल्यावर ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, “मावशी, तू ‘लावलं’ म्हणालीस. कडी घातली असं म्हणालीच नाहीस!”