जुने कॉम्प्युटर आरपीजी (एखादं पात्र होऊन खेळायचे गेम) आज खेळायचे तर सुरुवात कुठून करू?

उशिरा_जागणारा
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी मित्राच्या घरी बाल्डर्स गेट ३ खेळलो, चार-पाच वीकेंड त्याच्याच मशीनवर, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. माझा लॅपटॉप साधा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ८ जीबी रॅम, त्यामुळे घरी तो गेम चालणार नाही. मित्र म्हणाला की हे सगळं ज्या जुन्या गेम्समधून आलं ते खेळ, ते कशावरही चालतात. म्हणून १९९८ चा पहिला बाल्डर्स गेट घेतला (नवीन एनहान्स्ड एडिशन), आणि फ्रेंडली आर्म नावाच्या सराईच्या पायऱ्यांवरच एका जादूगाराने मारलं, सलग तीन वेळा. ते थॅको काय प्रकरण आहे तेही कळेना. मग बंद केला.

वाचायला मला मनापासून आवडतं. रोज रात्री मुलगी झोपली की दीड तास मिळतो. तर कुठला गेम आधी घेऊ? लहानपणी खेळला म्हणून आवडतो असं नको, आज पहिल्यांदा खेळणाऱ्याला धरून ठेवेल असा सांगा.

शाईपेन
पहिला फॉलआउट. १९९७ चा. मी तो पहिल्यांदा खेळले तेच मुळी तीन वर्षांपूर्वी, त्यामुळे यात लहानपणीच्या आठवणी वगैरे काही नाहीत.

कारण सांगते. एक तर छोटा आहे, वीस तासांच्या आसपास संपतो, म्हणजे तुमच्या दीड तासाच्या हिशेबाने दोन-तीन आठवडे. दुसरं म्हणजे नियम डोळ्यांसमोर असतात, समोरच्यावर नेम धरला की लागण्याची शक्यता किती टक्के ते आकड्यात दिसतं, थॅकोसारखं उलटं गणित नाही. लढाई पाळीपाळीने चालते, चहा पीत विचार करा.

आणि गोष्ट. अणुयुद्धानंतर माणसं जमिनीखालच्या तळघरात पिढ्यान्‌पिढ्या राहतायत, व्हॉल्ट १३, आणि पाणी शुद्ध करणारी चिप बिघडते. तुम्हाला बाहेर काढतात आणि १५० दिवस देतात. बस. कुठे मिळेल ते कोणालाच माहीत नाही, नकाशावर व्हॉल्ट १५ ची एक खूण तेवढी आहे. पुढे काय करायचं ते लोकांशी बोलून शोधायचं. त्या १५० दिवसांना बरेच जण घाबरतात, पण उगाच इकडेतिकडे भटकला नाहीत तर पुरतात, आणि हब नावाच्या गावातल्या पाणी विकणाऱ्यांना पैसे दिले तर ते व्हॉल्टला पाणी पोचवतात आणि तुम्हाला आणखी १०० दिवस मिळतात. मला ती मुदत फार आवडली. घरी कोणीतरी तहानलेलं आहे ही जाणीव सतत मागे राहते, हल्लीच्या गेम्समध्ये जग वाचवायचं असतं पण घाई कशाचीच नसते.

पहिल्यांदा कॅरॅक्टर करताना अ‍ॅजिलिटी भरपूर ठेवा कारण एका पाळीत किती हालचाली करता येतील ते त्यावर ठरतं, बुद्धी बरी ठेवा, आणि स्मॉल गन्स व स्पीच ही दोन कौशल्यं टॅग करा, म्हणजे खास म्हणून निवडा. बुद्धी अगदी तळाला नेली तर तुमचं पात्र धड वाक्यही बोलू शकत नाही आणि लोक त्याच्याशी वेगळंच वागतात, अख्खा गेम त्या पद्धतीने लिहिलाय, पण ते दुसऱ्या वेळेला. शेडी सँड्स गावात इयन भेटेल, त्याला सोबत घ्या पण एसएमजी (छोटी मशीनगन) देऊ नका, तुमच्या पाठीमागून बर्स्ट मारतो आणि गोळ्या तुम्हालाच लागतात. दोर घेतल्याशिवाय व्हॉल्ट १५ ला जाऊ नका.

पहिले दोन तास इंटरफेसचा त्रास होईल. राइट क्लिकने कर्सर बदलतो हे कोणी सांगत नाही. सोबत मॅन्युअलची पीडीएफ येते ती आधी एका रात्रीत वाचून काढा, तेव्हा शिकवणं मॅन्युअलमध्येच असायचं, गेममध्ये नाही.

घाटमाथा
फॉलआउट चांगलाच आहे, पण बाल्डर्स गेट असा अर्धवट टाकू नका हो. तुम्ही चुकला नाहीत, ती जागा नवीन माणसाला मारतेच. पहिल्या लेव्हलचा जादूगार म्हणजे जेमतेम चार-सहा हिट पॉइंट (जिवाचे आकडे), एका बाणात खेळ खलास. वाटेत इमोएन भेटते, नंतर झार आणि माँटारॉन, तिघांनाही सोबत घ्या. त्या पायऱ्यांवरच्या माणसाने मंत्र म्हणायला सुरुवात केली की स्पेसबार दाबून गेम थांबवा आणि सगळ्यांना एकदम त्याच्यावर सोडा, धनुष्य असेल त्याला धनुष्य. मंत्र म्हणताना घाव बसला की मंत्र फुकट जातो. हे एक कळलं की निम्मा गेम कळला.

थॅको म्हणजे तुमचा घाव बसतो का ते ठरवणारा आकडा, सोपं आहे, फक्त उलटं आहे. तुमच्या थॅकोतून समोरच्याचा आर्मर क्लास (एसी, बचावाचा आकडा) वजा करा, जे येईल तेवढं किंवा जास्त वीस बाजूंच्या फाशावर पडायला हवं. थॅको १८ आणि समोरच्याचा एसी ५, म्हणजे १३ किंवा वर पडलं तर घाव बसला. म्हणून दोन्ही आकडे जितके कमी तितके चांगले, चिलखत चढवलं की एसी खाली का जातो असं वाटतं ना ते यामुळे. आणि अगदीच जमेना तर डिफिकल्टीमध्ये स्टोरी मोड आहे, बिनधास्त लावा, कोणी परीक्षा घेत नाहीये.

पण एक कबूल करतो, पहिला भाग बराचसा रानात फिरण्याचा आहे. खरी मजा २००० सालच्या दुसऱ्या भागात आहे. अथकाटला शहरात पोचलात की एकेका मोहल्ल्यात आठ-आठ दिवस जातात. सोबत्यांचे स्वभाव, त्यांची आपसातली भांडणं, कोणाचं कोणावर मन बसणं, तिसऱ्या भागात जे आवडलं ते सगळं इथे रुजलंय.

रात्रपाळी
वाचायला आवडतं म्हणालात आणि अजून कोणी प्लेनस्केप टॉर्मेंटचं नाव घेतलं नाही?

१९९९ चा गेम. शवागारातल्या टेबलावर जाग येते, नाव आठवत नाही, अंगभर जखमांचे वण, आणि पाठीवर गोंदवलेल्या सूचना ज्या स्वतःला वाचता येत नाहीत, त्या मॉर्ट नावाची एक तरंगती कवटी वाचून दाखवते. तुम्ही मरत नाही. मेलात की परत उठता. त्यामुळे गेम ओव्हरची भीती जवळपास नाहीच, काही ठिकाणी तर मरणं हाच पुढे जायचा रस्ता आहे.

माझं शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमातून. हा गेम मी २०१७ ची एनहान्स्ड एडिशन आल्यावर खेळलो, नाइट शिफ्टच्या सुट्टीच्या दिवसांत, शेजारी वही आणि मोबाइलवर डिक्शनरी. सुमारे आठ लाख शब्द आहेत यात, आणि सिजिल शहरातले लोक जुन्या लंडनच्या चोरांच्या बोलीवर बेतलेलं इंग्रजी बोलतात, बर्क, कटर असले शब्द, त्यांचे अर्थ डिक्शनरीत धड लागत नाहीत, संदर्भाने लावायचे. पहिला आठवडा दमलो. मग कधीतरी लक्षात आलं की आपण डिक्शनरी उघडलीच नाही आज.

त्यात डॅकॉन नावाचा एक म्हातारा तलवारबाज सोबतीला येतो. त्याच्याकडे दगडी चकत्यांचं एक वर्तुळ आहे, झर्थिमॉनच्या शिकवणीचं. तुम्ही त्याला म्हणायचं मला शिकव. तो एक चकती फिरवतो, तुम्ही त्यावरची गोष्ट वाचता, मग तो विचारतो काय कळलं. बरोबर सांगितलंत तर पुढची चकती. लढाई नाही, काही नाही, दोन माणसं बसून एका ग्रंथाबद्दल बोलतायत, आणि बोलता बोलता कळतं की शिकवणाऱ्याचीच श्रद्धा डळमळीत आहे. आमच्या आळीत ज्ञानेश्वरीचं पारायण चालायचं, नंतर दोन-तीन जण एकेका ओवीवर तास तास बसायचे, मला थेट तेच आठवलं. त्या रात्री पुढे काही खेळलोच नाही.

विस्डम आणि इंटेलिजन्स जास्त ठेवा, चरिस्मा बरं ठेवा, ताकद सोडून द्या. विस्डम कमी असेल तर जुन्या आठवणी परत येत नाहीत आणि मग अर्धा गेम तुम्हाला दिसतच नाही. लढाया सामान्य आहेत हे खरं, त्या उरकायच्या.

लांबचा_पाहुणा
मी जर्मनीत राहतो म्हणून इथल्या गेमची बाजू घेतो. गॉथिक, २००१, जर्मन टीमने केलेला आणि इथल्या लोकांचा फार जिव्हाळ्याचा. कैद्यांची खाणवस्ती आहे, भोवती जादूचं कडं, आत येता येतं बाहेर जाता येत नाही. आत कैद्यांचेच तीन तळ. तुम्ही कोणीच नाही, पहिला पक्षीसुद्धा तुम्हाला मारतो. सुरुवातीला एका हाताची तलवार तुमचं पात्र दोन्ही हातांनी धरतं, अडाण्यासारखी. गुरूकडे शिकलात की पकड बदलते, उभं राहणं बदलतं. आकडा वाढला हे नुसतं वाचायला मिळत नाही तर दिसतं, असं मी दुसरीकडे क्वचित पाहिलंय. मात्र कीबोर्डची रचना फार विचित्र आहे आणि चाहत्यांनी बनवलेला सिस्टिम पॅक टाकल्याशिवाय आजच्या विंडोजवर त्रास देतो. पहिला गेम म्हणून नको, तिसरा-चौथा म्हणून घ्या.

उशिरा_जागणारा
सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. रात्रपाळी, तुमचं वाचून प्लेनस्केप घ्यावासा वाटतोय, पण शाईपेन म्हणतात तसं छोट्यापासून सुरू करतो, फॉलआउट घेतला. एक विचारायचं होतं, यातलं काही मोबाइलवर चालतं का? लोकलमध्ये येता-जाता दोन तास जातात.

तांबडी_माती
चालतं की. बाल्डर्स गेटचे दोन्ही आणि प्लेनस्केप यांच्या एनहान्स्ड एडिशन अँड्रॉइडवर आणि आयफोनवर आहेत. अक्षरं बारीक, टॅब असेल तर उत्तम. फॉलआउटसाठी चाहत्यांनी लिहिलेली कम्युनिटी एडिशन आहे, विकत घेतलेल्या गेमच्या फाइल तिच्यात टाकायच्या, अँड्रॉइडवरही चालते.

पुढे कधीतरी २००२ चा मॉरोविंडही बघा, ओपनएमडब्ल्यूवर (चाहत्यांनी तो गेम चालवायला लिहिलेला प्रोग्राम) तुमच्या लॅपटॉपवर आरामात चालेल. त्यात नकाशावर बाण नसतो, माणूस तोंडी पत्ता सांगतो, अमुक पुलानंतर डावीकडे, टेकडीला वळसा घालून, आणि तसं शोधत जायचं. वार चुकत राहिले तर दमलात का ते बघा, धावून धावून फटीग संपला की घाव लागत नाहीत. नवीन लोक इथेच कंटाळून सोडतात.

उशिरा_जागणारा
तीन आठवड्यांनी परत लिहितोय. फॉलआउट अजून न खेळलेल्यांनी पुढचं वाचू नका.

चिप सापडली. नेक्रोपोलिस गावाच्या खाली. ३८ दिवस शिल्लक होते म्हणून आनंदात उचलली आणि निघालो. तिथल्या गटारात राहणारे जे विद्रूप झालेले लोक आहेत त्यांच्यातल्या एकाने आधी सांगितलं होतं की आमचं पाणी त्याच चिपवर चालतं, मी भरभर वाचून पुढे गेलो होतो. आता इथेच कुठेतरी वाचलं की वरचा बिघडलेला पंप आधी दुरुस्त करता येतो, मग चिप नेली तरी त्यांचं पाणी जात नाही. मी गावापासून दोन दिवस लांब आलोय. रात्री झोपताना तेच डोक्यात होतं. जुना सेव्ह लोड करू का?

शाईपेन
नका करू. माझ्याकडून पहिल्यांदा हेच झालं होतं, मीही लोड केला नाही, आणि दुसऱ्या खेपेला पंपाचे भाग शोधायला त्या गटारांतून फिरले तेव्हा प्रत्येकाशी थांबून बोलले. आधी व्हॉल्टमध्ये जा, ओव्हरसीअरला, म्हणजे व्हॉल्टच्या प्रमुखाला, चिप द्या. गेम तिथे संपत नाही, तो पुढचं काम सांगेल. आणि आत शिरायच्या आधी वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करून ठेवा.