खाण तशी माती की ढवळ्याशेजारचा पवळ्या?

कोष्टक
परवा नात्यातल्या एक मावशी एका भाच्याबद्दल म्हणाल्या, "पोरगं वाया गेलं, आईबापांचं लक्षच नाही." पाच मिनिटांनी दुसऱ्या भाच्याचा विषय निघाला, तर म्हणे, "आजोबांवर गेलाय, खाण तशी माती." म्हणजे बिघडला तर संगोपन आणि हुशार निघाला तर घराणं!

माझं मत असं की आपण आईबापांना श्रेयही जास्त देतो आणि दोषही. २०१५ साली जुळ्यांवरच्या सुमारे पन्नास वर्षांच्या अभ्यासांची एकत्रित बेरीज प्रसिद्ध झाली. २,७४८ शोधनिबंध, १७,८०४ गुणधर्म आणि १ कोटी ४५ लाखांवर जोड्या (एकच जोडी अनेकदा मोजली गेली आहे, तरीही पसारा मोठाच). सरासरी आनुवंशिकता निघाली ४९ टक्के. मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बूशार्ड यांनी १९७९ पासून वेगवेगळ्या घरांत वाढलेली जुळी तपासली. १९९० च्या त्यांच्या निबंधात बुद्ध्यांकातल्या फरकांपैकी सुमारे ७० टक्के फरक जनुकांच्या खात्यावर पडला. उलट एकाच घरात वाढलेली, पण रक्ताचं नातं नसलेली दत्तक भावंडं मोठेपणी बुद्ध्यांकात एकमेकांसारखी जवळजवळ नसतातच. मग "घरचे संस्कार" नेमके गेले कुठे?

वजाबाकी
आकडे बरोबर, वाचन चुकलंय. आनुवंशिकता म्हणजे एका माणसातला जनुकांचा वाटा नव्हे. एका विशिष्ट समाजात, एका विशिष्ट काळात माणसामाणसांत जे *फरक* दिसतात, त्यांतला वाटा. उंचीची आनुवंशिकता ८० टक्के म्हणजे १७० सेंमीपैकी १३६ सेंमी आईबापांनी दिले आणि ३४ दुधाने, असं होत नाही.

उलटं उदाहरण घ्या. माणसाला दोन पाय असणं पूर्णपणे जनुकांचं काम. पण ज्यांना एकच पाय आहे त्यांचा बहुतेकदा अपघात झालेला असतो. म्हणून पायांच्या संख्येची आनुवंशिकता काढायला गेलात तर शून्याच्या आसपास येईल! हा आकडा जनुकांची ताकद मोजतच नाही.

आणि दक्षिण कोरिया पाहा. तिथल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंमीने वाढली. एवढ्यात जनुकं बदलत नाहीत.

कोष्टक
२० सेंमी मान्य. पण ती सरासरी झाली. त्याच मुलींना रांगेत उभं करा. सगळ्यांना पोटभर मिळत असेल तर कोण पुढे आणि कोण मागे, हे मुख्यतः जनुकंच ठरवणार. परिस्थिती समान करत गेलात की आनुवंशिकतेचा आकडा *वाढतो*. हे तुमच्याच व्याख्येतून निघतं.

वजाबाकी
निघतं, आणि मला ते पटतंही. फक्त मग तो ८० टक्क्यांचा आकडा आधी सगळ्यांना पोटभर मिळतंय याची पावती आहे. तो दाखवून "घराने काय फरक पडतो" असं म्हणता येत नाही.

आजीची_गोधडी
इतकी भांडणं कशाला? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. झालं!

पाटीपेन्सिल
गोधडीताई, म्हण छान आहे, पण तिच्यात वाण वेगळा आणि गुण वेगळा धरलाय. घोळ तिथेच आहे. मी नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणीला पाठवण्याचं काम करते, म्हणून हे सांगते.

त्या थेंबांत शोधायचा एक आजार म्हणजे फिनाइलकीटोन्यूरिया. नॉर्वेच्या अस्ब्यर्न फोलिंग यांनी तो १९३४ मध्ये ओळखला. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, आणि प्रथिनांतला फिनाइलॅलनिन हा घटक शरीराला मोडता येत नाही. तो साठत जातो आणि वाढत्या मेंदूचं कायमचं नुकसान करतो. १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांची चाचणी आली, आणि पहिल्या काही दिवसांतच निदान होऊ लागलं. मग तो घटक मोजूनमापून देणारा आहार आयुष्यभर पाळायचा, आणि ते मूल इतरांसारखं शिकतं-सवरतं. आजार निखळ जनुकीय आणि इलाज ताटातला. कोष्टक, यात टक्केवारी कशी वाटाल?

खरी गंमत पुढे आहे. अशीच वाढलेली मुलगी मोठी होते, पथ्य सोडते आणि गरोदर राहते. पोटातल्या बाळाला हा आजार बहुधा नसतोच, कारण बापाकडून त्याला चांगली प्रत मिळालेली असते. तरीही आईच्या रक्तातला साठा नाळेतून पोहोचतो आणि बाळाच्या मेंदूला, हृदयाला इजा करतो. आता ही इजा जनुकांची की परिस्थितीची? आईच्या दृष्टीने जनुकांची, बाळाच्या दृष्टीने परिस्थितीची. आईची जनुकं हीच त्या बाळाची परिस्थिती!

उत्खनक
रक्ताचं कौतुक करणाऱ्यांनी जरा इतिहासही चाळावा. 'युजेनिक्स' (म्हणजे कोणाला मुलं व्हावीत आणि कोणाला नाही हे ठरवून वंश "सुधारायचा" विचार) हा शब्द इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने १८८३ मध्ये काढला. १९२७ मध्ये 'बक विरुद्ध बेल' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने "मतिमंद" ठरवलेल्यांची सक्तीची नसबंदी वैध मानली. त्या देशात अशा ६० हजारांहून अधिक नसबंद्या झाल्या. जिच्या नसबंदीवरून तो खटला झाला ती कॅरी बक मतिमंद नव्हतीच, हे नंतर उजेडात आलं. "जन्मजातच तसा" हे वाक्य इतकं निरुपद्रवी नाही.

कोष्टक
उत्खनक, खणताय तर दुसऱ्या बाजूनेही खणा. विसाव्या शतकाच्या मध्यावर आत्ममग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या आयांना डॉक्टर सांगत होते की तुमच्या थंड, कोरड्या वागण्यामुळे मूल असं झालं. ब्रूनो बेटेलहाइमने हा विचार घरोघरी पोहोचवला. कितीतरी आया तो अपराध उरावर घेऊन जगल्या. त्यांची सुटका कशाने झाली? १९७७ मध्ये फोल्स्टीन आणि रटर या संशोधकांनी जुळ्यांच्या अवघ्या २१ जोड्या तपासून जनुकांचा हात दाखवला, तिथून वारं फिरू लागलं. म्हणजे "परिस्थितीच सगळं करते" हे म्हणणंही क्रूर होऊ शकतं. आईबापांना दोष देऊ नका असं मी म्हणतोय ते यासाठीच.

उत्खनक
हा मुद्दा बिनशर्त मान्य.

वजाबाकी
मलाही. पण दोष देऊ नका आणि फरक पडत नाही, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० च्या सुमारास अनाथालयांतल्या १३६ लहान मुलांवर अभ्यास सुरू झाला. निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून पालक-कुटुंबांत पाठवलं. त्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरीने वर राहिला, आणि साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना बरंच जास्त सावरता आलं. निवड चिठ्ठीसारखी, तेव्हा जनुकांचा फरक दोन्ही गटांत सारखाच विभागलेला.

कोष्टक
अनाथालय हे टोक आहे. मी बऱ्यापैकी घरांबद्दल बोलतोय.

पाटीपेन्सिल
मग बऱ्यापैकी घरांचंच घ्या. २०१८ मध्ये आइसलँडमधल्या एका मोठ्या अभ्यासाने आईबापांची जी जनुकं मुलाला *मिळालीच नाहीत*, ती तपासली. (प्रत्येकाकडून निम्मीच मिळतात.) न मिळालेल्या जनुकांवरूनही मुलाच्या शिक्षणाचा थोडा अंदाज येत होता. मिळालेल्या जनुकांच्या तुलनेत साधारण ३० टक्के परिणाम. मुलाच्या शरीरात जे जनुक नाही, ते त्याच्यापर्यंत पोहोचणार कसं? आईबापांच्या वागण्यातून, त्यांच्या घरातून. माझ्या बाळ-नाळेच्या उदाहरणासारखंच, फक्त नाळ कापल्यानंतर.

कोष्टक
हं. हे माहीत नव्हतं. पण ३० म्हणजे १०० नव्हे, एवढी नोंद करून ठेवतो. आता मावशींना काय सांगू?

आजीची_गोधडी
विचारा, आजोबांवर गेला की आजोबांजवळ बसला?

कोष्टक
आजोबा तो जन्मायच्या आधीच वारले हो.

आजीची_गोधडी
मग आजोबांनी वाढवलेल्या बापाजवळ बसला असेल!