डायरेक्ट फ्री किक कोणी घ्यायची?

प्रश्न: फुटबॉलमध्ये फाउलनंतर थेट गोलवर मारता येणारी ही किक. संघात एक उजव्या पायाचा, जबरदस्त ताकदीचा; दुसरा डावऱ्या पायाचा, अचूक. फ्री किक कोणाला द्यावी?

उत्तर १: जागा बघून ठरवा. गोलकडे तोंड केल्यावर उजवीकडची किक डावऱ्याला द्या. बॉल भिंतीवरून (समोर रांगेत उभ्या विरोधी खेळाडूंवरून) वळून जवळच्या खांबाकडे येतो. १८-२० मीटरवरून नुसती ताकद फुकट. भिंत ९.१५ मीटरवर, क्रॉसबार (गोलचा वरचा आडवा दांडा) २.४४ मीटर उंच. बॉल उचलून लगेच खाली यायला हवा, नाहीतर भिंतीत किंवा आभाळात!

उत्तर २: ३० मीटरपलीकडे मात्र ताकदवाला. दोघांनीही बॉलमागे उभं राहावं, कीपर अंदाज बांधत बसतो.

उत्तर ३: सरावात भिंतीचे पुतळे लावूनच गोल मोजा. आणि ज्याच्यावर फाउल झाला त्यानेच मारायची, हा हट्ट आधी बंद करा.